निळ्या छत्रीची डावी बाजू

"आधी चहा घ्या, मग भांडा," असं म्हणून मी ट्रे खाली फरशीवरच ठेवला.

शनिवारची दुपार होती. साळवेकर बंधू आमच्या शेडमध्ये समोरासमोर मांडी घालून बसले होते आणि दोघांच्या मधे केशरी हवाई छत्री अर्धी घडी घालून पसरली होती. निळी छत्री थोरल्याने, रणजितने, दीड तास घाम गाळून नीट घडी करून पाठपिशवीत भरली होती. ती पिशवी भिंतीला टेकून ठेवली होती. उद्या सकाळी दोघांनी घोडदेवाच्या कड्यावरून उडी मारायची होती आणि धाकट्याने, पिनाकने, पाठीला कुठली छत्री बांधायची यावरून दोघांचं जुंपलं होतं.

शेड म्हणजे निकम सुभेदारांची. पवना धरणाच्या अंगाला पत्र्याची लांब खोली, दोन मशिनं आणि एक वीस फुटी टेबल. सुभेदारांनी फौजेत जन्मभर पॅराशूट सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर हे काम सुरू केलं. आमच्या भागात पॅराग्लायडिंग करणारे पुष्कळ येतात. त्यांची कापडं करवंदीच्या जाळीत फाटतात, ती आम्ही शिवून द्यायचो. मी लोहाराची लेक, पण पोट ब्लाउज शिवून भरत होते. सुभेदारांनी एकदा माझी टीप बघितली आणि म्हणाले, मालन, उद्यापासून ब्लाउज बंद. गावात बायका हसायच्या, चोळ्या शिवणारी आता आभाळ शिवायला निघाली म्हणून. मीही काही कमी नव्हते. नऊ वर्षांत माझी एक टीप उसवून परत आली नाही, हे मी येईल त्याला ऐकवायचे, कुणी विचारलेलं नसताना.

रणजित आमच्याकडे चार-पाच वर्षं येत होता. तो पॅराग्लायडिंगवाला नव्हता. तो सरळ कड्याच्या टोकावरून उडी टाकायचा, तीन आकडे मोजायचा आणि मग छत्री उघडायचा. विमानातून उडी मारणाऱ्याकडे एक छत्री फसली तर दुसरी असते. यांच्याकडे एकच, कारण दुसरी उघडायला वेळच उरत नाही. मी त्याला कितीदा म्हटलं, भाऊ, लग्न करा, म्हणजे हे खूळ जाईल. तर म्हणायचा, लग्नाचीच भीती वाटते ताई, कड्याची नाही.

पिनाकचं म्हणणं असं की त्याला केशरीच हवी. तिच्यावर त्याने परदेशात एका पुलावरून चाळीस उड्या मारल्या होत्या. ती हलकी होती, उघडताना झटका देत नव्हती, तिची सवय होती. निळी रणजितने यंदाच घेतलेली, ती पिनाकने एकदाही वापरलेली नव्हती.

"पुलावर चहूकडे मोकळी हवा असते," रणजित म्हणाला. "इथे तुझ्या पाठीला दगड आहे. छत्री उघडताना तोंड कड्याकडे झालं तर त्याच क्षणी वळता आलं पाहिजे. केशरी पूर्ण फुगेपर्यंत तू दोऱ्या ओढत बसशील आणि ती ढिम्म हलणार नाही."

मग त्याने फरक समजावून सांगितला. दोन्ही छत्र्यांना पुढच्या कडेला तोंडं असतात, त्यातून वारा शिरतो आणि कप्पे फुगतात. निळीला त्याशिवाय पोटाखालीही चार तोंडं होती, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. माणूस खाली पडत असतो तेव्हा वारा खालूनच येतो, म्हणून निळी पोटातूनही भरते आणि लगेच ताब्यात येते. त्या प्रत्येक तोंडावर जाळी आणि जाळीच्या आतून कापडाची पडदी. पडदी एकाच कडेने शिवलेली, बाकी तीन बाजू मोकळ्या. वारा आत शिरला की ती उघडते, बाहेर जायला लागला की मिटते. त्यामुळे छत्री दगडाला घासली तरी हवा धरून ठेवते.

मी चहा ओतत होते. माझ्या बापाच्या भट्टीवरच्या भात्यात अशीच चामड्याची पडदी होती, एका कडेने ठोकलेली. लहानपणी मी पोटावर झोपून ती फडफडताना बघायचे. तेवढ्यात पिनाकने विचारलं, आणि ती तोंडं उघडलीच नाहीत तर?

"चारही नाही उघडली तर ती केशरीसारखी झाली, एवढंच," रणजित म्हणाला. "एका बाजूची उघडली आणि दुसऱ्या बाजूची नाही, तर मात्र गाठ आहे. भरलेली बाजू पुढे जाईल, रिकामी मागे राहील आणि छत्री गर्रकन फिरून तुला दगडावर नेईल. पण असं कधी होत नाही. कशाला होईल?"

मला गुरुवारचं काम आठवलं.

गुरुवारी निळी छत्री माझ्या टेबलावर होती. रणजितने सात जागी पांढऱ्या टेपचे तुकडे चिकटवून दिले होते, सगळे डाव्या बाजूला, कारण मागच्या खेपेला ती त्या अंगाने काट्यांवरून ओढली गेली होती. आमची पद्धत अशी की कापड अर्धंच टेबलावर घ्यायचं, उरलेलं अर्धं पिशवीत, म्हणजे माती लागत नाही. सुभेदारांचा दुसरा दंडक असा की टेबलावरून उघडी कड खाली जाता कामा नये. जिथे धागा सुटलेला दिसेल तिथे टीप, गिऱ्हाइकाने सांगितलेलं असो वा नसो. मी सातही जागा शिवल्या. मग हात फिरवताना आतल्या बाजूला दोन पडद्या लागल्या, एकाच कडेने धरून राहिलेल्या, तीन बाजूंनी सुटलेल्या. अशी कापडं मी आधी कधी शिवलेली नव्हती. आमच्या पॅराग्लायडरला पोटाखाली तोंडं नसतात. मला वाटलं, मागे कुणीतरी घाईघाईत ठिगळ लावलंय आणि ते उसवलंय. दोन्ही पडद्या चारही बाजूंनी पक्क्या करून टाकल्या, दुहेरी टीप मारून. निळा धागा असा जुळवला की शिवण शोधूनही सापडू नये. उजवी बाजू पिशवीतच राहिली. ती बाहेर काढून बघावी असं मनातसुद्धा आलं नाही.

एरवी माझं काम सुभेदार स्वतः तपासायचे. त्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि ते साताऱ्याला लेकीकडे होते. जाताना म्हणाले होते, मालन, आता तुझे डोळे तेच माझे. मी ते आठवडाभर गावभर सांगत फिरले होते.

तर त्या शनिवारी मी हातात किटली घेऊन उभी होते आणि तोंड उघडत नव्हतं. एवढं म्हणायचं होतं की, भाऊ, पिशवी उघडा, माझ्याकडून चूक झालीय. पण मनात भलतंच चाललेलं. याने स्वतःच्या हाताने घडी घातलीय, याला दिसलंच असणार. आणि खरंच चूक नसली तर उगाच शोभा व्हायची. पिनाक आमच्याकडे नवखा, तो म्हणेल, चोळ्या शिवणारीच ती. बाहेरून नुसती जाळी दिसते, आतली शिवण घडी घालताना कुणालाही दिसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मीच तर ती दिसू नये अशी शिवली होती. तरी मी गप्प राहिले, कपबश्या गोळा केल्या आणि घरी गेले.

घरी भाकऱ्या करपल्या. नवऱ्याने विचारलं, तब्येत बरी नाही का, तर त्याच्यावरच खेकसले. उजाडल्यावर मात्र बसवेना. आमच्या वाडीतूनच घोडदेवाची पायवाट वर जाते. पदर खोचला आणि निघाले. पन्नाशीला टेकलेली बाई, पण तो चढ मी कशी चढले ते माझं मला माहीत. एकच गोष्ट डोक्यात होती, की त्या पोराने उडी मारायच्या आत वर पोचायचं.

पोचले तेव्हा दोघे कड्याच्या टोकापासून थोडे मागे बसून बूट बांधत होते. पिनाकच्या शेजारी निळी पिशवी, रणजितच्या शेजारी केशरी. खाली माळावर त्यांचा एक मित्र गाडी घेऊन थांबला होता, तो मुंगीएवढा दिसत होता. मला बघून रणजित हसला, म्हणाला, ताई, डबा आणलात वाटतं. मी त्याला हाताने खूण करून बाजूला बोलावलं. घोडदेवाच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी आम्ही उभे राहिलो आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्याने वळून पिनाकच्या शेजारच्या निळ्या पिशवीकडे बघितलं.

"दोन्ही डावीकडच्या?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

"कितीशा बंद?"

"पूर्ण. दुहेरी टीप आहे."

"दुहेरीच असणार. तुमचं काम आहे ना," तो म्हणाला. यात चिडणं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. मग तो म्हणाला, "घडी मी घातली, ताई. उडीच्या आधी आत हात घालून बघायचं माझं काम होतं. मी तुमचं नाव बघितलं आणि बघायचं सोडलं."

मी म्हटलं, आज राहू द्या, दोघेही पायवाटेने खाली चला. त्याने मान हलवली. पिनाकला आत्ता हे कळलं तर तो आयुष्यात परत छत्री पाठीला लावणार नाही, म्हणाला. वारा पडलेला आहे, असा दिवस तीन रविवार मिळाला नव्हता. केशरी त्याला देतो, त्याच्या सवयीची आहे, तो व्यवस्थित उतरेल. मग मी निळी घेऊन उतरतो.

"आणि ती फिरली म्हणजे?"

"कुठे फिरणार ते मला माहीत आहे. कुठला बैल मारका आहे ते माहीत असलं की माणूस त्या बाजूने जात नाही. पिनाकला सांगू नका. मी उतरल्यावर सांगतो त्याला, माझ्या पद्धतीने."

मी ओरडायला हवं होतं. पिनाक वीस पावलांवर होता, नुसती हाक मारायची होती. मी मारली नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. चूक त्याने आपल्या अंगावर घेतली होती, आणि मला वाटलं, चला, सुटले बाई, आता हे कुणालाही कळणार नाही.

रणजित परत गेला आणि धाकट्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, घे बाबा तुझी केशरी, दोन दिवस डोकं खाल्लंस. दोघांची अंगकाठी एक, एकाच्या मापाचे पट्टे दुसऱ्याला बसायचे. पिनाक इतका खूश झाला की पट्टे बांधता बांधता शीळ घालायला लागला. टोकावर उभा राहिला, आमच्याकडे वळून बघितलं आणि गेला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा केशरी छत्री कड्यापासून लांब, निवांत खाली चालली होती. माळावर उतरून त्याने दोन्ही हात वर केले.

आता वर आम्ही दोघंच. मी पुन्हा म्हटलं, भाऊ, आता तरी पायवाटेने चला, मी हात जोडते. त्याने खाली बघितलं. पिनाक मान वर करून वाट बघत उभा होता. रणजित म्हणाला, तो वर बघतोय ताई, आणि पट्टा आवळला. धाकट्याच्या देखत थोरल्याने चालत उतरायचं, हे त्याला जमणारं नव्हतं. हट्टी माणूस. दोघे भाऊ तसलेच.

त्याने तीनऐवजी दोनच मोजले, छत्री लवकर उघडावी म्हणून. निळी उघडली. उजवी बाजू लगेच भरली आणि डावी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत राहिली. तो म्हणाला होता तशीच ती डावीकडे फिरली. त्याने उजवी दोरी पूर्ण ओढली, आणि मला वाटलं वळली, वळलीच होती ती. पण कड्याला तिथे एक टप्पा बाहेर आलेला आहे. त्याचा खांदा त्या टप्प्याला धडकला, छत्री मिटली आणि पुढचं मी बघितलं नाही. खालून पिनाकचा आवाज आला, दादा, दादा. तो आवाज कड्यावर आदळून दोनदा ऐकू यायचा.

पोलीस आले, पंचनामा झाला, माझा जबाब घेतला. मी सांगितलं, वाऱ्याचा झोत आला असावा. फौजदाराने ते लिहून घेतलं. त्याला छत्रीतलं काय कळणार.

सव्वा महिन्याने पिनाक शेडवर आला. दाढी वाढलेली, अंगावर रणजितचाच शर्ट. हातात पोलिसांकडून सोडवून आणलेली निळी छत्री होती, गोणपाटात गुंडाळलेली. माझ्याने उघडवत नाही, म्हणाला. तुम्ही बघा, ताई. काय बिघडलं होतं ते मला कळलं पाहिजे. तुम्ही सांगाल त्यावर माझा विश्वास. दोन दिवसांनी येतो म्हणाला आणि गेला.

सुभेदार साताऱ्यालाच होते. शेडमध्ये मी एकटी. मी छत्री टेबलावर घेतली, या वेळी सगळी, डावी आणि उजवी. ठिकठिकाणी फाटली होती, पण त्या दोन पडद्यांवरची माझी टीप जशीच्या तशी. दगडावर आपटून कापड गेलं होतं, टीप गेली नव्हती. मी टेबलापाशी बसून पोटभर रडले. मग डोळे पुसले, लहान कात्री घेतली आणि ती टीप उसवली. एक एक टाका. धाग्याचे तुकडे चिमटीने वेचले आणि चुलीत घातले. भोकांवरून नख फिरवलं म्हणजे वीण मिटते, तेही केलं. नाव जाईल, काम जाईल, पोलीस दारात येतील, सुभेदारांना काय तोंड दाखवू, असं सगळं डोक्यात होतं. पिनाक डोक्यात नव्हता. कड्यावर जीव खाऊन धावले ती मीच, आणि कात्री घेऊन बसले तीही मीच. यातली खरी कुठली ते देवाला ठाऊक.

ठरल्या दिवशी तो आला आणि स्टुलावर बसला. मी पाणी दिलं, ते तो प्यायला नाही.

"चारही तोंडं उघडी होती?" त्याने विचारलं.

"चारही."

"म्हणजे छत्रीत काही नव्हतं."

"छत्रीत काही नव्हतं."

त्याने पाण्याचा पेला तसाच टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही त्याला बाजूला बोलावलं होतं, ताई. तोवर तो मला निळीच देणार होता. परत आला आणि म्हणाला, घे तुझी केशरी. तुम्ही काय बोललात त्याच्याशी?"

हा प्रश्न येणार हे मला दोन दिवस माहीत होतं, तरी उत्तर ठरवलेलं नव्हतं. खरं जिभेवर आलं होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी म्हटलं, "मी म्हटलं, धाकटा इतका हट्ट करतोय तर द्या की त्याला त्याची."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरंच होतं. पिनाक स्टुलावरून उठला.

"म्हणजे माझ्यामुळेच," तो म्हणाला. "निळी माझ्या पाठीला असायची होती. मी दोन दिवस हट्ट केला, म्हणून माझ्या वाटची निळी त्याने घातली. तिची सवय त्याला पण नव्हती, यंदाच घेतलेली."

तो टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला. सव्वीस वर्षांचा पोरगा, सव्वा महिन्यापूर्वी भाऊ गेलेला, आणि त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "तुमचा काय दोष यात? तुम्ही तर माझ्यासाठीच शब्द टाकलात."

याला सोळा वर्षं झाली. पिनाकने परत कधी उडी मारली नाही. अजून वर्षातून एकदा तो येतो, माझी तब्येत विचारतो, आणि निघताना न चुकता म्हणतो की ताई, ती गोष्ट मनात धरून बसू नका. आणि मी मेली दरवर्षी त्याच्याकडून समजूत घालून घेते.